अर्धा इंच, बारा आटे

पहिला ट्रे भिंतीवर आदळला तेव्हा ताई टेबलाखाली वाकून सांडलेलं ग्रीस पुसत होती, म्हणून तिचं डोकं वाचलं. दुसरा ट्रे तिच्या भावाच्या, काडीच्या, छातीवर बसला. तिसरा उस्तादने दोन्ही हातांनी उचलला, पोतं रिकामं करावं तसा फरशीवर पालथा केला आणि वरून बुटाने सगळं विस्कटून टाकलं. नट, बोल्ट, वायसर, स्टड खणखणत पार दारापर्यंत गेले.

"निवडत बसा आता!" उस्ताद ओरडला. "बहीण-भाऊ मिळून निवडत बसा तुमच्या बापाचे बोल्ट!"

उस्ताद म्हणजे ताईचा नवरा. बाहेरची माणसं त्याला कौतुकाने उस्ताद म्हणत, काडी दाजी म्हणे, आणि ताई नुसतंच "अहो" म्हणे, तेही हळू. तिचा आवाज मुळातच लहान. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू असला की ती बोलतेय हे फक्त ओठांवरून कळायचं.

भांडणाचं कारण एवढंसं होतं. सकाळी हिरव्या गाडीच्या एका बोल्टाचं डोकं उस्तादने गोल करून टाकलं. पाना चुकीचा लावला होता. शेजारच्या गाडीखाली पडलेला काडी तिथूनच म्हणाला, "दाजी, जुन्या विलायती पान्यावरचा आकडा बोल्टाच्या अंगाचा असतो, डोक्याचा नाही. बाबा किती वेळा सांगायचे!" पहिल्या वाक्यावर कदाचित निभावलं असतं. 'बाबा' हा शब्द आला आणि ठिणगी पडली.

वर्कशॉप बाबांचं होतं. जुन्या विलायती मोटारी दुरुस्त करण्यात त्यांनी आयुष्य घातलं. हाताखालच्या माणसांत उस्ताद सगळ्यांत दांडगा. गिअरबॉक्स एकटा उचलायचा, गंजलेला नट त्याच्यापुढे दोन मिनिटं टिकायचा नाही. बाबांना ते फार आवडलं. लेक त्याला दिली, आणि काडी तेव्हा लहान होता म्हणून वर्कशॉपही त्याच्याच भरवशावर सोडलं. माणसाचे हात पाहिले, त्या हातांना आवर घालणारं काही वर आहे की नाही ते पाहायचं राहून गेलं. बाबा गेले आणि मग ते दिसायला लागलं.

ताईच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नसे. कानामागे एक व्रण होता. विचारलं तर ती म्हणायची, "दार लागलं." एवढी दारं एका बाईला लागत नाहीत हे काडीला लहानपणापासून कळत होतं, पण तेव्हा तो नावाप्रमाणेच काडी होता. आता त्याच्या दंडात बळ आलं होतं आणि जिभेलाही धार चढली होती. ताईची स्वतःपुरती भीती केव्हाच संपली होती. उरली होती ती एकच. एक दिवस हे दोघे एकमेकांना भिडतील, आणि त्या दिवशी काडी मरेल, नाहीतर मारेल. काही झालं तरी भाऊ तिचाच जाणार होता. म्हणून ती मध्ये उभी राहायची. काडीच्या वाटचं बोलणं आणि काडीच्या वाटचा मार, दोन्ही आपल्याकडे ओढून घ्यायची.

मागच्या शेडमध्ये रंगारीकाका रंग मारत. वय झालेलं, तोंडावर कायम फडकं बांधलेलं. उस्ताद बाहेर निघून गेल्यावर ते आले, फरशीवरचा पसारा पाहिला, आणि एक चपटी चकती उचलून ताईच्या हातावर ठेवली.

"ही बघ. ही तू. वायसर. नट फिरला तरी तूच घासायचं, बोल्ट फिरला तरी तूच."

"वायसर काढलं तर सगळंच ढिलं होतं, काका."

"मोडलं तरीही होतं, पोरी."

काडी छाती चोळत हसला. "काका, तुम्ही रंग मारा. उपदेशाचा दुसरा हात नको."

"अरे तुला पहिलाच हात लागला नाही अजून, खरडवलेल्या पत्र्या!"

तेवढं हसून झालं, मग ताई मांडी घालून बसली आणि निवडायला लागली. तांदळातले खडे निवडणं ह्यापेक्षा सोपं. जुन्या विलायती गाड्यांचं दुखणं असं, की त्यांच्या पोटात दोन पिढ्या एकत्र नांदतात. आधी त्या लोकांचे स्वतःचे आटे होते, गोलसर माथ्याचे. मग मोठी लढाई झाली, आणि अमेरिकेशी जमवून घ्यायला त्यांनी नवे, टोकदार आटे घेतले. पण इंजिनं घडवायची यंत्रं कोण एका दिवसात बदलतं? त्यामुळे एकाच गाडीत इंजिन जुन्या आट्यांचं, अंग नव्या आट्यांचं. एक घर, दोन चुली. आणि बोल्ट पाहावेत तर जुळ्यांसारखे.

जाड आट्यांच्या बोल्टांत फसगत जास्त. पाव इंच, तीन सूत, कुठल्याही मापाचा घ्या. जुन्याला आणि नव्याला इंचामागे आटे तेवढेच. एकाचा नट दुसऱ्यावर थोडा कुरकुरत चढतो, आणि चालून जातं. माणूस निर्धास्त होतो. मग येतो अर्धा इंच. तिथे जुन्याला बारा आटे आणि नव्याला तेरा. बाबा म्हणायचे, "सगळी भावंडं सख्खी, अर्ध्या इंचाचं तेवढं सवतीचं." बाराच्या भोकात तेरावाला बोल्ट दोनतीन फेरे गोडीने जातो, मग अडतो. अडला की जाणता माणूस थांबतो. दांडगा माणूस जोर लावतो, आणि बोल्ट आट्यांचा चुरा करत आत घुसतो. गच्च बसतो. नीट बसलेला बोल्टसुद्धा हाताला इतका गच्च लागत नाही. फक्त त्याने काही धरलेलं नसतं.

बाबांची आणखी एक रीत होती. आटे दुखावलेला बोल्ट ते तसाच भंगारात कधी टाकत नसत. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून करवतीने त्याचे दोन तुकडे करायचे, मगच टाकायचे. "भंगारातून कोणीतरी उचलतं," ते म्हणत. "त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, ह्याने कुठे दगा दिला होता."

ताईने आटे मोजायच्या पात्यांचा जुडगा काढला. करवतीसारख्या दातांची ती पाती बोल्टावर टेकवायची. दात आट्यांत फट न ठेवता बसले की तो त्याचा डबा. जुन्यांना लाल झाकण, नव्यांना निळं. निम्मा पसारा निवडून झाला. निम्मा एका परातीत भरून टेबलाखाली सरकवला.

त्या परातीतच दोन कडीबोल्ट होते. अर्ध्या इंचाचे, बोटाएवढे जाड, डोक्याच्या जागी लोखंडी कडी. इंजिन उचलताना कडीत साखळीचा आकडा अडकवायचा. एक जुन्या आट्यांचा, एक नव्यांचा. बाबांच्या वेळी ते दोन वेगळ्या खिळ्यांना टांगलेले असत आणि जुन्यावर लाल रंगाचा ठिपका असे. ठिपका तेलाने केव्हाच गेला होता, आणि त्या सकाळी ट्रे भिंतीवर आदळला तेव्हा ते दोघेही खिळ्यांवरून पडून बुटाखाली आले होते.

दुसऱ्या दिवशी हिरव्या गाडीचं इंजिन बसवायचं होतं. गाडीचं नाक काढून ठेवलेलं, त्यामुळे चासीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, दोन टोकं पुढे आलेल्या हातांसारखी उघडी दिसत होती आणि त्या दोन हातांमध्ये एक जाडजूड आडवी पट्टी. इंजिन त्या पट्टीवर टेकायचं. ताई घरातलं आटोपून वर्कशॉपमध्ये पोचली तेव्हा आतून काडीचा आवाज येत होता.

"दाजी, अडला तो. काढा. बोटांनी जायला पाहिजे तळापर्यंत."

"तुझ्या बोटांत दम नाही म्हणून अडला."

इंजिनाच्या माथ्यावर ओळीत तीन भोकं होती. मधल्या भोकात कडीबोल्ट उभा होता, आणि उस्तादने कडीत लोखंडी गज घालून गजाच्या टोकाला हातभर लांब पाइप चढवला होता. तो पाइप ओढत होता. आतून करकर असा आवाज आला. दाताखाली वाळू यावी तसा.

"आटे चाललेत, दाजी! ऐकू येत नाही का? दुसरा कडीबोल्ट बघू, परातीत—"

उस्तादने गजावरून पाइप उपसला आणि मागे न बघताच आडवा फिरवला. तो काडीच्या बरगड्यांवर बसला. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. काडी गुडघ्यांवर आला. उठू लागला तर दुसरा फटका खांद्यावर, आणि तिसऱ्याला त्याने तोंड वाचवायला हात वर केला तर बुटाची लाथ जबड्यावर. तो फरशीवर थुंकला. त्या लाल थुंकीत एक दात होता.

"अहो!" ताई धावली. "अहो, पुरे. चुकलं त्याचं. मी सांगते त्याला."

"तू काय सांगणार? तूच शिकवलंस त्याला. बापाचं नाव घ्यायचं आणि माझ्यावर भुंकायचं." उस्तादने पाइप पुन्हा गजावर चढवला, दोन पाय रोवले, मानेच्या शिरा फुगल्या, आणि बोल्ट शेवटचे दोन फेरे फिरून कडीच्या बुडापर्यंत बसला. त्याने कडीवर पाइप ठोकला. टणक आवाज आला. "बघ. डोंगर उचलेल हा. ए काडी, ऊठ. खाली जा आणि पट्टीची भोकं जुळव."

काडी उठला. बाईसमोर मार खाल्लेला पुरुष कसा उठतो तसा उठला, कोणाकडेही न बघता. ताईला त्याच्या डोळ्यांची भीती वाटली. तिने त्याचं मनगट धरलं. "आज ऐक," ती पुटपुटली. "फक्त आज."

"दर वेळी आजच असतं, ताई."

पण तो गेला. चासीच्या दोन हातांमधून वाकून आत शिरला आणि पट्टीशेजारी उताणा पडला. उस्तादने छताच्या तुळईवरच्या चेनपुलीची साखळी ओढायला सुरुवात केली. इंजिन सावकाश वर गेलं, तुळईवरून सरकत काडीच्या वर आलं आणि छातीएवढ्या उंचीवर झुलत राहिलं. तेल टपकत होतं.

ताई टेबलाशी गेली. तिने परात ओढली आणि खालून दुसरा कडीबोल्ट काढला. मग पात्यांचा जुडगा उघडला. बाराचं पातं टेकवलं. दात आट्यांत असे बसले, की उजेडाची रेघसुद्धा मधून आली नाही.

म्हणजे बारावाला तिच्या हातात होता. कडीबोल्ट दोनच होते. वर झुलत होता तो तेरावाला.

"काडी, बाहेर ये!" तिच्या त्या लहान आवाजातून अशी किंकाळी निघाली की मागच्या शेडमधला कॉम्प्रेसर रंगारीकाकांनी बंद केला. "बाहेर ये! चुकीचा बोल्ट आहे तो, आटे जुळत नाहीत, इंजिन पडेल!"

काडी अर्धा बाहेर आला. उस्तादने साखळी सोडली, दोन ढांगांत ताईपर्यंत पोचला आणि उलट्या हाताने तिच्या तोंडात मारली. ती टेबलावर आदळली, टेबलाच्या कडेने तिची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं. तिने दुसऱ्या डोळ्याने पाहिलं ते एवढंच, की ज्या दिवसाची तिला भीती होती तो दिवस आला होता.

काडीने दाजीला मागून धरलं होतं. दोघं मिळून ड्रमवर कोसळले, ड्रम आडवा झाला, जळकं तेल फरशीभर पसरलं. काडीने त्याच्या कानावर, नाकावर, मिळेल तिथे गुद्दे घातले. उस्तादच्या नाकाचं हाड सरकलं. क्षणभर वाटलं, काडीच वरचढ ठरेल. मग उस्तादने त्याच्या मोडक्या बरगड्यांत कोपर खुपसलं आणि काडीचा श्वासच थांबला. उस्तादने त्याची मान पकडली, तेलातून फरफटत त्याला गाडीपर्यंत नेलं, आणि चासीच्या त्या दोन हातांमध्ये, आडव्या पट्टीवर त्याचं डोकं दाबून धरलं. बरोबर इंजिनाखाली.

"चुकीचा बोल्ट ना?" तो धापा टाकत म्हणाला. "पडेल ना? बघू पडतो का. बहीण खोटी की दाजी खोटा, आज कळू दे." आणि मोकळ्या हाताने त्याने वरचं इंजिन धरून खाली हिसडा दिला. साखळी करकरली. दुसरा हिसडा दिला. "पडतो का? पडतो का रे?"

कडीच्या बुडातून काळी पूड गळली. काडीच्या गालावर, रक्तात, मिरीपूड शिंपडावी तशी. काडीला ती दिसली. ताईलाही दिसली. उस्ताद तिच्याकडे बघत होता, त्याला दिसली नाही.

पाइप फरशीवर पडला होता. ताईने तो उचलला. आयुष्यात तिने मुंगीवरही पाय दिला नव्हता. मुंग्यांची रांग दिसली की ती वळसा घालून जायची. तिने पाइप दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि भावाच्या मानेवर असलेल्या त्या हाताच्या, मनगट आणि कोपराच्या मध्ये, सगळं अंग टाकून मारला. हाड मोडल्याचं तिच्या तळव्यांना कळलं. तो हात दोरी तुटल्यासारखा लोंबला.

"सरक, काडी!"

काडी पट्टीवरून खाली घसरला आणि चासीखालून लोळत पलीकडे गेला. उस्ताद किंचाळत तिच्याकडे वळला. तोल सावरायला त्याने दुसरा हात खाली टेकवला. काडीचं डोकं जिथे होतं तिथेच टेकवला.

बोल्ट सुटताना मोठा आवाज झाला नाही. बाटलीचं बूच निघाल्यासारखा झाला. मग इंजिन पडलं, आणि जमीन हादरली, आणि त्यानंतर उस्तादचं ओरडणं. ते माणसाचं वाटत नव्हतं. त्याचा डावा हात मनगटापर्यंत पट्टी आणि इंजिनाच्या मागच्या टोकाच्या मध्ये होता. तो वाकलेला होता, बसता येत नव्हतं, उभं राहता येत नव्हतं. मोडका उजवा हात नुसता हलत होता. रिकामा कडीबोल्ट वर आकड्याला झुलत होता, आणि त्याच्या आट्यांत इंजिनाच्या बिडाच्या चुऱ्याची काळी लव अडकली होती.

रंगारीकाका दारात आले होते. "अरे देवा," एवढंच त्यांच्या फडक्यातून आलं.

काडी पलीकडून उठला. स्पोकच्या चाकांचे कानवाले नट ठोकायचा तांब्याचा हातोडा भिंतीला टेकून होता, तो त्याने उचलला. चालताना तो एका बाजूला झुकत होता. उस्तादच्या डोक्याजवळ येऊन थांबला.

"काडी," ताई म्हणाली.

"बाजूला हो."

"हातोडा ठेव."

"तुझी करंगळी ह्याने मोडली तेव्हा मी दाराआड होतो. ऐकत होतो. आठवतं तुला? तू ओरडलीसुद्धा नाहीस, मला ऐकू जाईल म्हणून." त्याचा आवाज फाटला. "मला ऐकू आलं होतं, ताई. बाजूला हो."

ताई दोघांच्या मध्ये उभी राहिली. अर्धा चेहरा रक्ताने माखलेला. हातोडा तिच्या कपाळासमोर होता.

"मार," ती म्हणाली. पुन्हा तिच्या नेहमीच्या आवाजात. "एका फटक्यात होईल. तो सुटेल. तुला नेतील, आणि मी ह्या वर्कशॉपमध्ये एकटी बसेन. एवढी वर्षं मी मार कशासाठी खाल्ला रे? ह्याच्यासाठी?"

उस्ताद मध्येच विव्हळला, "इंजिन उचला… अरे, उचला कोणीतरी…"

 मग काडीच्या हातातून हातोडा तेलात पडला, आणि तो हातोड्याशेजारी खाली बसला, बरगड्या धरून, लहान मुलासारखा रडत.

"काका, दवाखान्याची गाडी बोलवा आणि साखळीशी या," ताई म्हणाली.

तिने आकड्यावरून तो दगाबाज बोल्ट काढून बाजूला ठेवला. मधल्या भोकात आता आटेच उरले नव्हते, ते कामातून गेलं होतं. मागच्या टोकाचं भोक उस्तादच्या हाताच्या वरच होतं, न दुखावलेलं. तिने ते ओढणीने पुसलं, टेबलापाशी पडलेला बारावाला कडीबोल्ट उचलून त्यावर उभा केला आणि बोटांनी फिरवायला लागली. आधी उलटा, अर्धा फेरा, आटे एकमेकांना सापडून टक् असं होईपर्यंत. मग सुलटा.

"गज घाल!" उस्ताद ओरडला. त्याच्या तोंडातून फेस येत होता. "गज घालून ओढ! काय बोटांनी खेळतेस, मेलो मी!"

"जोर लावायचा नाही."

"ताई… अगं… लवकर…" आजवर त्याने तिला ताई म्हटलं नव्हतं. काडीचं ऐकून ते तोंडात आलं असेल.

"लवकर केलं तर हाही जाईल. मग काही उरणार नाही उचलायला."

एक फेरा. अजून एक. बोल्ट पाण्यात उतरावा तसा उतरत होता. उस्ताद शिव्या देत होता, मग विनवत होता, मग पुन्हा शिव्या. तिच्या भुवईचं रक्त तिच्या बोटांवर ठिबकत होतं. ते ती पुसून घ्यायची आणि फिरवायची. रंगारीकाका साखळी धरून उभे होते आणि त्यांना पुढे कितीतरी दिवस तेच आठवत राहिलं, तो ओरडा आणि ती बोटं. कडी बुडाला टेकली. तिने आकडा अडकवला.

"ओढा, काका. थोडंच. हे एकच टोक उचलायचं."

इंजिनाचं मागचं टोक वर आलं. खाली जे होतं त्याला हात म्हणणं अवघड होतं. उस्तादने ते पाहिलं आणि ओरडायचा थांबला. काडी उठला, कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने दाजीला काखेत धरून मागे ओढलं, फरशीवर टेकवलं. ताईने ओढणी फाडून मनगटावर घट्ट आवळली.

"दवाखान्याची गाडी येतेय," ती गाठ मारत म्हणाली. "आणि अहो, आता इथे परत यायचं नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती गाठ तपासत होती.

पोलिस आले, गेले. रंगारीकाकांनी फडकं काढून, जे पाहिलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, काही न गाळता. ताईने आपल्या हाताने पाइप मारल्याचंही सांगितलं. दवाखान्यात उस्तादची दोन बोटं आणि तळव्याचा एक भाग गेला. काडीच्या बरगड्या पट्ट्यात बांधल्या, त्यामुळे तो हसला की कळवळायचा, आणि रंगारीकाका मुद्दाम विनोद करायचे.

उस्ताद आला तो एका दुपारी. दोन्ही हात गळ्यात अडकवलेले, नाक वाकडं. शटरच्या बाहेर उभा राहिला. त्याच्या पान्यांचा खोका शटरबाहेरच ठेवलेला होता, रोज सकाळी ताई तो बाहेर ठेवायची आणि संध्याकाळी आत घ्यायची, कधीतरी येईल म्हणून. बरोबर आणलेल्या हमालाने तो उचलला. उस्ताद मात्र हलला नाही.

ताई व्हाइससमोर उभी होती. व्हाइसमध्ये तेरा आट्यांचा तो कडीबोल्ट होता आणि ती करवतीने त्याला कापत होती. भुवईचा टाका अजून ताजा होता.

"माज आलाय ना?" उस्ताद म्हणाला. "हात बरा होऊ दे. मग बघतो बहीण-भावाला."

काडी पुढे सरकला. ताईने करवत थांबवली नाही.

"काडी, व्हाइस आवळ जरा. हलतोय."

काडी क्षणभर तिथेच घुटमळला. मग परत आला, व्हाइसचा दांडा धरला आणि आवळला. बोल्ट हलायचा थांबला. करवत पुढे गेली, मागे आली. चांगलं लोखंड होतं, कापायला वेळ लागला. मान वर केली तेव्हा शटरपाशी कोणी नव्हतं. शेवटचा धागा तुटला, कडी एका बाजूला पडली, आट्यांचा तुकडा दुसऱ्या. तिने दोन्ही उचलले, भंगाराच्या पिंपात टाकले, आणि टेबलाखालची परात ओढून उरलेले बोल्ट निवडायला बसली.